घोळीवरून राहिलेलं भांडण

वहिनी,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि परवा सकाळी तुमच्या परसात एक माणूस कुदळ घेऊन उभा राहिला. तुम्ही असता तर त्याला आधी पोहे खायला घातले असते, गाव कुठलं, पोरं किती, सगळी चौकशी केली असती आणि मग गोड बोलून परत पाठवला असता. मी दारातूनच ओरडले. गोड बोलून काम करून घेणं मला कधी जमलं नाही, आणि आता शिकवणारंही कुणी राहिलं नाही.

मला माहीत आहे, गेलेल्या माणसाशी असं बोलत बसणं तुम्हाला बिल्कुल पटलं नसतं. 'शालू, समोरचा उलटून बोलू शकत नसेल तर ते भांडण नाही, भाषण आहे,' असं म्हणाला असता. म्हणा. पण तेराव्याला आलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल इतकं गुळगुळीत बोलून ठेवलंय की मला कुणाशी तरी भांडल्याशिवाय चैन नाही, आणि जन्मभर माझं भांडण झालं ते तुमच्याशीच. कुणी म्हणालं, कुमुदबाई फार शांत स्वभावाच्या. शांत! कुणी म्हणालं, सोशिक. मी हातात ताक ढवळायची रवी घेऊनच बाहेर निघाले होते. ही बाई सोशिक नव्हती, हिला डिवचून बघायला हवं होतं तुम्ही, असं सांगणार होते. मंदारने डोळ्यांनीच दटावलं. पोरगा तुमचाच आहे, डोळे तेच. मी गिळलं सगळं आणि परत आत जाऊन ताक करत बसले.

लग्न होऊन मी या हिंदी मुलखातल्या आपल्या घरी आले तेव्हा तुम्ही थोरली जाऊ म्हणून आधीच गादीवर बसलेल्या. वनस्पतिशास्त्राच्या बी.एस्सी., मुलींच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई. मी दहावी नापास, तोंड मात्र फाटकं. आपले नवरे सख्खे भाऊ आणि दोघंही एकाच मिलमध्ये. भावजी टाइम ऑफिसात हजेरी बघायचे, आमचे हे विणकाम खात्यात. मिलच्या क्वार्टरमधलं आपलं घर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की दूध तापवायचं, भोंगा झाला की डबे भरायचे. तुमच्या शाळेची घंटासुद्धा तुम्ही भोंग्यावरूनच गाठायचा.

मिल बंद पडली तेव्हा आधी भोंगा गेला, मग पगार, मग क्वार्टर खाली करा असा कागद आला. ज्या साहेबांनी तो कागद भावजींच्या हातात दिला ते वर हसून म्हणाले होते, 'अरे, तुम लोग तो मेहनती हो, कहीं भी जाओगे, जम जाओगे.' भावजींनी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही पोळी लाटत होतात. लाटणं थांबलं नाही, पण ती पोळी कागदासारखी पातळ झाली आणि फाटली. ते वाक्य मला नंतर फार पुरलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

राजेंद्र नगरातल्या या अर्धवट घरात आपण आलो तो पावसाळा आठवतो? भिंतींना प्लास्टर नव्हतं आणि मागे हे परस होतं, म्हणजे नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे. बाजार महाग आणि घरात तुमचा एक पगार. एका रविवारी तुम्ही मला म्हणालात, चल लालबागला. मला वाटलं तिथला राजवाडा बघायला. मी चांगलं पातळ नेसले! तिथल्या मैदानात जाऊन तुम्ही पिशवी उघडलीत आणि खाली बसलात. जमिनीला चिकटून चहूकडे हातपाय पसरलेलं, तांबूस देठांचं, जाड रसदार पानांचं ते झाड मी आयुष्यभर पायाखाली तुडवत आले होते. माहेरी आईनं ताटात वाढलं तेव्हा खाल्लंही होतं. पण ताटातली ती घोळीची भाजी आणि पायाखालची ही एकच, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि नेमक्या तेव्हा तुमच्या शाळेतल्या एक बाई समोरून आल्या. छत्री, पर्स, बरोबर नवरा. 'अरे कुमुदजी, ये क्या बीन रही हैं?' मी पटकन सांगून मोकळी झाले, 'बच्चों का प्रैक्टिकल है.' तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. मग उभ्या राहिलात, हातातली जुडी त्यांच्यासमोर धरलीत आणि खणखणीत आवाजात म्हणालात, 'भाजी तोड़ रहे हैं. कुल्फा है, आप लोग लूनी कहते होंगे. बहुत अच्छी है, ले जाइए.' त्यांच्या पर्समध्ये तुम्ही ती कोंबलीत, अक्षरशः कोंबलीत. परत येताना मी हसून हसून बेजार आणि तुम्ही गंभीर. म्हणालात, 'भाजीला भाजी म्हणायला लाज कसली? खोटं सांगून खाल्लेलं पचत नाही.' यांना सोशिक म्हणतात लोक.

त्यानंतर माझ्या शिकवण्या सुरू झाल्या. मी मागितल्या नव्हत्या. जुना पेपर अंथरायचा, त्यावर आणलेला माल ओतायचा आणि तुमची परीक्षा सुरू. आधी देठ मोडून बघ. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण, फेकून दे आणि हात धू. चीक नाही आला, नुसतं पाणी सुटलं, तर पुढे बघ. पान थोराड, चमच्यासारखं, पेर बोडकं आणि फुलाला पाकळ्या पाच, ती घोळ. पान बारीक, दोन-दोन समोरासमोर, पेराला म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखे पांढरे केस आणि पाकळ्या चार, ती चिवळ. ही जिथे टेकेल तिथे मूळ धरते. दोघी एकाच प्रजातीतल्या, जाती वेगळ्या. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारख्या जावा. तुम्ही म्हणालात, 'नाही. बहिणी. जावा लग्नानं होतात.' तुमच्यापुढे उपमा म्हणून टिकायची नाही.

आणि ती तिसरी, बंगल्यांच्या गेटवर कुंड्यांत लावतात ती, गुलाबी-केशरी फुलांची. आपण ऑफिस टाइम म्हणतो, इथले लोक दस बजे का फूल म्हणतात. मला वाटायचं ते कुठलं तरी विलायती नाजूक प्रकरण असणार. तुम्ही एका बंगल्यासमोर भर रस्त्यात उभं राहून मला तिचं फळ दाखवलंत. इवलीशी डबी, तिला गोल झाकण, झाकण उडालं की आत बारीक दाणे. घोळीला तशीच डबी, चिवळीला तशीच. 'रंगावर जाऊ नकोस, डबी बघ. कूळ डबीवरून कळतं.' आतून चौकीदार आला, 'मैडम, फूल मत तोड़ना.' तुम्ही म्हणालात, 'भैया, हम रिश्तेदारी देख रहे हैं.' तो बापडा बाजूला झाला.

कितीही राग आला तरी एक कबूल करते. झाड बघायला तुम्ही शिकवलंत म्हणून माणूस बघायला मी शिकले. बालवाडीच्या कोर्सला मला ढकललंत ते तुम्हीच. मी रडत होते, माझ्याच्यानं होणार नाही म्हणून, आणि तुम्ही मागे लागून दहावीचे राहिलेले विषय करून घेतलेत, वर टोमणे मारत. आज राजेंद्र नगरात अर्धी तरणी पोरं मला शालूमावशी म्हणून हाक मारतात. बोलले कधी हे तुमच्याशी? नाही. तुम्ही बोलू दिलं असतं का? तेही नाही.

ऋषिपंचमीचं तुमचं प्रकरण तर मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांत ती मिसळीची भाजी होते, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून अळू, माठ, सुरण, जे नांगराशिवाय आलं ते. पूजा मात्र तुम्ही बंद केलीत. बायकांच्या विटाळाचं प्रायश्चित्त म्हणून ती पूजा, हे कळल्यावर म्हणालात, 'मी मुलींना याचा धडा वर्गात शिकवते. कसलं आलंय प्रायश्चित्त? ते मिल बंद करणाऱ्यांनी करावं.' सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण भाजी? भाजी तुम्ही आणखी कडक केलीत. नुसता बैल नाही, माणसाचेही कष्ट नकोत. वाफ्यात लावलेला माठ चालणार नाही. जे आपणहून उगवलं तेच त्या दिवशी ताटात. म्हणजे मुख्य घोळ, चिवळ आणि कडेला उगवलेला रानमाठ. वर्षातला एक दिवस तरी कुणाला न राबवता जेवायचं, असं तुमचं म्हणणं. 'घोळ लावायची नसते, ती येते,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आणि मग ती या परसात आली. लालबागहून आणलेल्या जुड्यांचं धुतलेलं पाणी आपण मागे ओतत होतो, त्यातून बी गेलं असेल. दुसऱ्या पावसाळ्यात मुरुमावर लाल देठ दिसले. तुम्ही त्याला खत घातलं नाहीत, पाणी घातलं नाहीत, कुंपण केलं नाहीत. फक्त कुणाला पाय ठेवू दिला नाहीत. भावजींची सायकलसुद्धा तुम्ही पुढच्या दारी लावायला लावलीत.

ताकातली घोळ तुमच्या हातची. हरभऱ्याची डाळ भिजवून, बेसन लावून, वर लसणीची चरचरीत फोडणी. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला आणि पालक, टोमॅटो बंद केले तेव्हा तुम्ही स्वतःहून विचारलंत, आणि घोळ? डॉक्टरांना घोळ माहीत नव्हती. मग तुम्हीच त्यांना समजावलंत की तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून तर आंबट लागते, आणि ताकातला चुना ते आम्ल पोटातच धरून ठेवतो, म्हणून जुन्या बायका ती ताकात करायच्या. डॉक्टर म्हणाले, 'फिर भी आप कम खाइए.' तुम्ही 'हो' म्हणालात, घरी आलात आणि वाटी भरून खाल्लीत. मी चिडले. तुम्ही म्हणालात, 'कमीच खाल्ली, एरवी दोन वाट्या खाते.'

आता त्या भांडणाकडे येते. टाळत होते.

मिलच्या गेटवर बायकांची सभा होती. मला बोलायला उभं केलं होतं, तोंड फाटकं म्हणूनच. समोर गर्दी, उन्हात बसलेल्या बाया, मागे भिंतीशी पुरुष. भावजीही होते. ते तेव्हा रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला घरून निघायचे आणि गेटसमोर जाऊन बसायचे, बंद गेटकडे तोंड करून. मी बोलायला लागले आणि मध्येच मला सुचलं. तुम्हीच शिकवलं होतं की घोळ उपटून उन्हात टाकली तरी मरत नाही. पानात, देठात पाणी साठवलेलं असतं, पाण्याची ओढ लागली की तिची श्वासाची रीतच बदलते, दिवसाची दारं बंद करून घेते. मुळं आभाळाकडे झाली तरी ती फुलते. मी हात वर करून ओरडले, 'हम लूनी हैं! उखाड़ो, फेंको, धूप में डालो, हम फिर भी फूलेंगे!' वहिनी, काय टाळ्या पडल्या! बाया उभ्या राहिल्या. दोन-चार म्हाताऱ्या रडल्या. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

तुम्ही मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होतात. मला वाटलं, झाड तुमचं, शिकवणी तुमची, शाबासकी मिळेल. तुम्ही सूप खाली ठेवलंत.

'टाळ्या मिळाल्या ना? आता आत जा आणि तुझ्या भावजींना विचार, फुलताय का म्हणून.'

मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

'घोळीकडे साठा असतो, शालू. या माणसाकडे काय साठा आहे? आणि उपटलेली घोळ फुलते ती आनंदानं नाही. आता आपण जाणार म्हणून बी पाडायची घाई असते ती. झाडाचं झाडाला राहू दे. माणूस उपटला की माणूस मरतो, हे सांग गेटवर.'

'मग काय सांगू त्या बायांना? मरा म्हणून सांगू? उद्या सकाळी चूल पेटवायला त्यांना काहीतरी लागतं!'

'तू चूल पेटवायला देत नाहीयेस. तू उपटणाऱ्याला माफी देतेयस. तो म्हणेल, बघा, यांचीच बाई म्हणते, उपटलं तरी यांचं भागतं. जम जाएँगे.'

मी म्हटलं, तुम्हाला पुस्तकातलं कळतं, माणसातलं कळत नाही. तुम्ही म्हणालात, तुला टाळीतलं कळतं. मग दोन्ही भावांनी मधे पडून आपल्याला जेवायला बसवलं. ते भांडण मिटलं नाही. पुढे कितीदा काढलं आपण! तुम्ही दर वेळी उपटणाऱ्यापाशी यायचा आणि मी दर वेळी चुलीपाशी.

भावजी गेले. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं दुखण्याचं, पण आपल्या दोघींना माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत, बस. 'बघ' असं म्हणाला नाहीत, ते तुमचे उपकार. पण वहिनी, त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मी बघत होते ना. शाळा, शाळेनंतर शिकवण्या, मंदारचं इंजिनिअरिंग. आमचे हे टेम्पोवर नमकीनची पोती घेऊन मानपूरपर्यंत फिरत होते, तेव्हा माझी दोन्ही पोरं तुमच्या गळ्यात. घराला प्लास्टर झालं, वरचा मजला चढला. पांढरं कपाळ घेऊन मिरवणुकीत जायचं नाही असं कुणी म्हणालं, तर अनंत चतुर्दशीला बंद मिलच्या झाँक्या, ते दिव्यांचे देखावे, बघायला तुम्ही सगळ्यात पुढे उभ्या. मिल बंद, पण झाँकी निघते, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, ही काय मग? ही उपटलेली नाही? ही फुललेली नाही? जिभेवर आलं होतं. तुम्ही वळून म्हणालात, 'म्हणू नकोस.' कसं कळायचं तुम्हाला?

तसंच ते कुळाचं. तुमची ती जुनी विद्यार्थिनी आली होती, संशोधन करणारी. म्हणाली, बाई, तुमचं घोळकूळ मोडलं. नव्या तपासात बाकी सगळ्या प्रजाती बाहेर काढल्या, दुसऱ्या कुळांत घातल्या. आता त्या कुळात एकच प्रजाती राहिली, तुमची घोळ आणि तिच्या बहिणी. तुम्ही हसून म्हणालात, 'बरंय, गर्दी कमी झाली.' ती गेल्यावर मात्र मागच्या पायरीवर जाऊन बसलात. मंदार पुण्याला, माझ्या दोघी सासरी, हेही देवाघरी गेलेले. एवढ्या घरात आपण दोघी. मी तोंड उघडलं आणि तुम्ही पुन्हा, 'शालू, म्हणू नकोस.' मी चहा टाकायला उठले.

तर परवाची गोष्ट. मंदार राहिलाय अजून, घराची व्यवस्था लावायला. खालचा मजला भाड्यानं द्यायचं त्यानं ठरवलंय, महाराष्ट्रातून इकडे ऑफिसांत आलेली पोरं राहतील म्हणतो. त्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून पुढे-मागे सगळीकडे फरशी. मला सांगितलं नव्हतं. मी अंघोळ करून बाहेर आले तर सिमेंटची पोती रचलेली आणि ठेकेदाराचा कैलाश अर्धं परस उपटून मोकळा. घोळीचा हा एवढा ढीग, मुळं वर करून पोत्यांवर फेकलेला.

मी ओरडले ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल. पाट आणला आणि उरलेल्या अर्ध्या परसात मांडून बसले. म्हटलं, आता माझ्यासकट फरशी बसव. कैलाश घाबरून म्हणाला, 'अरे आंटीजी, मेरे को क्या पता. ये तो लूनी है, हमारे घर भी छाछ में बनती है. पहले बोल देते ना.' आणि कुदळ भिंतीला लावून बाजूला उभा राहिला.

मंदार बाहेर आला. 'काकू, लोक बघताहेत. उठ.'

'बघू दे. तुझ्या आईला लोकांची कधी भीती नव्हती.'

'माझ्या आईचं मला सांगू नकोस.' आवाज चढला त्याचा, मग उतरला. 'मला ती भाजी नको वाटते गं. लहानपणापासून. तिची चव लागली की मला बाबा दिसतात, त्या गेटकडे तोंड करून बसलेले. आईनं कधी विचारलं नाही मला आवडते का. तूही नाही.'

खरं होतं. मी पाटावर बसून राहिले आणि माझं भांडण तिथेच संपत आलं होतं. उठलेही असते. पण तो समजूत घालायला पुढे म्हणाला, 'आणि एवढं काय, काकू? घोळच आहे ना. आईच सांगायची, कितीही उपटा, ती कुठून ना कुठून परत येते.'

वहिनी, ऐकलंत? माझं गेटवरचं भाषण माझ्यासमोर उभं राहून बोलत होतं, तुमच्या पोराच्या तोंडून. आणि त्याच्या मागे कागद हातात घेतलेले ते साहेब.

'परत येते म्हणून उपटायची?' मी म्हटलं. 'तुझ्या बापाला हेच सांगितलं होतं, मंदार. तुम्ही मेहनती लोक, कुठेही जमून जाल. आला का तो परत?'

मंदार सिमेंटच्या पोत्यावर बसला. मला वाटलं चिडेल. तो रडला. तेराव्यापर्यंत सगळं नीट पार पाडणारा तो, पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा बघणारा, परवा सकाळी उपटलेल्या घोळीशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. कैलाश बिचारा नळावर जाऊन पाय धूत राहिला. मग मंदारनेच डोळे पुसले आणि त्याला सांगितलं, 'भिया, आगे-आगे लगा दो. पीछे रहने दो.'

आज ऋषिपंचमी. घरात यंदा गणपती नाही, सणही नाही, आणि वन्सं सकाळीच फोनवर बजावत होत्या की वर्ष होईतो तसलं काही करायचं नाही. म्हटलं, सण कुठे करतेय, जेवण करतेय. त्या उपटलेल्या ढिगातले कोवळे शेंडे खुडले. दोन दिवस उन्हात पडलेले, पण मोडले की अजून पाणी सुटत होतं. डाळ, ताक, लसूण. मंदारला विचारलं, आधी कुणी विचारलं नव्हतं ते, 'वाढू का?' तो म्हणाला, 'थोडी.' खाल्ली. म्हणाला, 'तशीच आहे.' पुन्हा घेतली नाही. मीही आग्रह केला नाही.

जेवून तो मागच्या नळावर हात धुवायला गेला आणि त्याने मला हाक मारली. ऊन पडलं होतं. पोत्यांवरचा तो ढीग फुलला होता, वहिनी. मुळं आभाळाकडे, आणि मधून मधून पिवळी फुलं. मंदार म्हणाला, 'आई काय म्हणाली असती?' मी म्हटलं, 'म्हणाली असती, याला फुलणं म्हणू नका, जायच्या आधीची घाई आहे.' तो म्हणाला, 'आणि तू?' मी म्हटलं, 'मी म्हणते, फुललंय.' तुमचं उपटणाऱ्यांबद्दलचं सगळं खरं निघालं, मान्य. पण हेही माझ्या डोळ्यांसमोर होतं, त्याचं काय करू?

त्याने एक डबी चिमटीत धरून दाबली. झाकण निघालं, काळं बी तळहातावर सांडलं. तो हात झटकायला गेला, थांबला, मोकळ्या मातीपाशी गेला आणि कैलाशनं खणून ठेवलेल्या जागेवर त्याने हात झटकला. मग वाकून वरून माती सारली, तुमच्या पोराने, स्वतःच्या हाताने.

आता ही लावलेली झाली. तुमच्या नियमाने पुढच्या पंचमीला ती ताटात चालणार नाही. मी खाणार आहे, वहिनी. त्याला आवडली तर त्यालाही वाढणार आहे. काय भांडायचं ते भांडा.